तुटायचा बोल्ट आणि न तुटायचा बोल्ट



चार दिवस झाले, पाऊस उघडीप द्यायला तयार नाही. वावरात पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत, पऱ्हाटीला बोंडं लागत आहेत, आणि सध्या दोन्हीत आपल्याला करता येण्यासारखं काही नाही. फवारणी तर सोडूनच द्या. म्हणून पोरानं आणि मी गोठ्याच्या बाजूच्या टिनाखाली जीपचं काम काढलं. आज पिकाबद्दल नाही, जीपच्या बोल्टाबद्दल लिहितो. पण शेवटपर्यंत वाचा. जे जीपला लागू आहे तेच तुमच्या ट्रॅक्टरला, रोटाव्हेटरला आणि ट्रॉलीच्या हुकाला लागू आहे.

ही जीप माझ्या वडिलांनी १९८६ साली वापरलेली घेतली. मी तेव्हा दहावीच्या वर्षात होतो. महिंद्राची सीजे ५०० डी. महिंद्रानं विलीज जीप आपल्या देशात जोडायला १९४७ साली सुरुवात केली. मूळ गाडी अमेरिकेची, म्हणून मापं सगळी इंचात. सुरुवातीच्या जीप पेट्रोलच्या होत्या. पुढे आमच्यासारख्या डिझेलच्या आल्या, त्यात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-घराण्यातलं २३५० सीसीचं इंजिन. जुना बी-२७५ ट्रॅक्टर ज्यांनी चालवला त्यांना हे इंजिन ओळखीचं वाटेल. आमची जीप गावात शिरली की लोक म्हणायचे, "कोणाचा ट्रॅक्टर आला पाय."

तर ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे थरथर आलीच. ती थरथर चासीपर्यंत जाऊ नये म्हणून इंजिन सरळ लोखंडावर ठेवत नाहीत, मधे रबर ठेवतात. त्यालाच माउंटिंग म्हणतात. रबर, त्याच्या दोन्ही बाजूला पत्रा, आणि त्यातून बोल्ट. दिसायला एवढीशी वस्तू, पण अख्खं इंजिन तिच्यावर बसलेलं असतं. या उन्हाळ्यापासून जीप सुरू केली की गिअरचा दांडा नाचायचा आणि पंखा रेडिएटरच्या फार जवळ जायचा. खाली वाकून पाहिलं तर डावीकडचं रबर पत्र्यापासून सुटलेलं, आणि बोल्ट वाकलेला.

दारव्ह्याच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, तो हसला. म्हणे, "भाऊ, हा पार्ट मागणारे तुमीच रायले आता." यवतमाळला दोन दुकानं पाहिली, तीच गत. जुन्या गाडीचं असंच असते. गाडी आधी शोरूममधून जाते, मग सुट्या भागांच्या दुकानातून जाते, आणि शेवटी मिस्त्रीच्या डोक्यातून जाते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचं पाहा ना. प्रीमिअर पद्मिनी बनणं बंद झालं २००० च्या आसपास. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले होते तोवर त्या गाडीच्या पार्टाला गिऱ्हाईक होतं. आता ज्याच्या घरी एखादी पद्मिनी उभी असेल तो माझ्यासारखाच दुकानोदुकानी फिरत असेल. त्यातल्या त्यात जीपवाल्यांचं नशीब बरं. तिकडे हरियाणात सिरसा जिल्ह्यात डबवाली गाव आहे, तिथं अजून जुन्या जीप खोलून नव्यानं उभ्या करतात, त्यामुळे माल पूर्ण संपलेला नाही. पण तिकडून मागवायचं म्हणजे माप पक्कं पाहिजे, आणि वेळही लागतो.

पोरानं तेवढ्यात डालड्याच्या जुन्या डब्यात हात घातला. एक बोल्ट काढला, भोकात घालून पाहिला आणि म्हणे, "पप्पा, हा बसते."

माझ्या तोंडून एकदम जोरात निघालं, "ठेव तो!"

पोरगं दचकलं. आतून घरच्यांनीही विचारलं, काय झालं म्हणून. काय झालं ते सांगतो. हे मी आजवर कोठं लिहिलं नाही.

वडिलांकडे बोल्टांचे दोन डबे होते. एक डालड्याचा, एक दूधपावडरीचा. डालड्याच्या डब्यात नांगर, कल्टिवेटर, थ्रेशर यांचे बोल्ट. दूधपावडरीच्या डब्यात जीपचे. एकातला बोल्ट दुसऱ्यात गेला की ते रागवायचे. मला म्हणायचे, "हा तुटला पायजे, अन् हा तुटला नाई पायजे. एवढं ध्यानात ठेव." मला वाटायचं, म्हातारपणाची खोड आहे.

ते २००९ ला गेले. तीन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत दूधपावडरीचा डबा उचलला तर बूड सडलेलं, बोल्ट सगळे खाली. मी दोन्ही डब्यांतले बोल्ट रंगाच्या एका मोठ्या बादलीत ओतले. मनात म्हटलं, बोल्ट तो बोल्ट, जाडी पाहून घेऊ.

पुढच्या वर्षी डिसेंबरात जीपच्या स्टिअरिंग बॉक्सचा एक बोल्ट गळून पडला. हा बॉक्स चासीला बोल्टांनी कसलेला असतो. आपण चाक फिरवतो, बॉक्समधून तो जोर पुढच्या टायरांपर्यंत जातो. मी बादलीतून त्याच जाडीचा एक बोल्ट काढला, त्याचा नट लावला, चांगला कसला. दहा मिनिटांचं काम. पैसा खर्च नाही. मला माझंच कौतुक वाटलं.

तीन आठवडे जीप नीट चालली. मग एका संध्याकाळी पाहुण्यांकडून येताना, घरच्या माझ्या बाजूला, पोरगा नऊ वर्षांचा, तो मागे. नाल्याच्या पुलाच्या अलीकडे वळण आहे. मी चाक फिरवलं, खालून कट्‌ असा आवाज आला, आणि चाक हातात हलकं झालं. फिरवतो तेवढं फिरत होतं, पण गाडी वळत नव्हती. बॉक्सच जागेवरून हलला होता. वेग फार नव्हता, आणि रस्ता सुटला तो पुलाच्या दहा-बारा पावलं आधी. जीप उतरली ती तुरीच्या वावरात. तेच पुलावर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. घरच्यांचा उजवा हात समोरच्या दांडीवर आपटून मोडला. पोराला खरचटलं. मला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याचे मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, वडिलांच्या वेळेपासून जीप तेच पाहत. त्यांनी तुटलेला बोल्ट काढून तळहातावर ठेवला आणि मला म्हणाले, "हे पाय भाऊ. याचं तोंड पाय." तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता, बाकीचा चकचकीत दाणेदार. म्हणे, "हा काल नाई तुटला. काळा भाग दिसते तेवढी चीर आधीच पडली होती. रोज थोडा थोडा तुटत होता. काल फक्त उरलेला गेला."

मग त्यांनी बोल्टाचं डोकं पाहिलं. डोकं कोरं होतं, एकही खूण नाही. "हा कोठून काढला तुमी?"

"डब्यातून."

"कोणत्या डब्यातून? बाबाजी दोन डबे ठेवत होते ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता यातलं शास्त्र सांगतो, जेवढं मला चाचांकडून आणि नंतर विचारून विचारून समजलं तेवढं.

बोल्टाची ताकद जाडीवर जेवढी असते तेवढीच तो कोणत्या लोखंडाचा आहे यावर असते, आणि ते डोक्यावर लिहिलेलं असते. मिलिमीटरच्या बोल्टावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा १०० नं गुणा, तेवढा ताण (मेगापास्कलमध्ये) आल्यावर तो तुटतो. म्हणजे ४.६ चा ४०० ला, ८.८ चा ८०० ला. दुसरा आकडा सांगतो की तुटण्याच्या ताकदीच्या किती हिश्श्यावर तो कायमचा ताणला जाईल. ४.६ चा साठ टक्क्यांवर म्हणजे २४० लाच लांबतो. ८.८ चा ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ६४० पर्यंत दम धरतो. एकाच जाडीचे दोन बोल्ट, आणि फरक अडीच पटीहून जास्त. इंचाच्या बोल्टावर आकडे नसतात, रेघा असतात. डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या बरोबरीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या जवळचा. डोकं कोरं असेल तर तो साधा समजायचा, कोणी काहीही सांगो.

माझा बोल्ट साधा होता. तो आधी लांबला. लांबला म्हणून पकड गेली. पकड गेली म्हणून बॉक्स हलू लागला, आणि हलण्यानं त्याला चीर पडली. एक बोल्ट ढिला पडला की बाकीच्यांवर भार जातो, तेही ढिले होतात. हे सगळं तीन आठवडे माझ्या पायाखाली चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.

आता उलटी गोष्ट पाहा. रोटाव्हेटरच्या किंवा खड्डे खोदायच्या यंत्राच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. तो कंपनीनं मोजूनच कमजोर ठेवलेला असतो. पात्याखाली दगड आला तर बोल्ट तुटावा आणि गिअर वाचावा, म्हणून. आमच्या शिवारात एका कास्तकारानं सारखा सारखा तुटते म्हणून वैतागून तिथं १०.९ चा बोल्ट टाकला. बोल्ट नाही तुटला. धुऱ्याजवळचा दगड लागला आणि गिअर बॉक्स फुटला. वडील जे एका वाक्यात सांगत होते ते हेच. काही बोल्ट तुटण्यासाठीच असतात, काही तुटू नये म्हणून असतात. दोघं एका डब्यात राहू शकत नाहीत.

तर पुन्हा या आठवड्याच्या कामावर येतो.

पहिलं काम आटे ओळखायचं. आमची जीप इंची, पण इंचीतही जाती आहेत. जीपला अमेरिकन आटे, बारीक असले तर यूएनएफ, जाड असले तर यूएनसी. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट मागितला की बहुतेक वेळा इंग्लंडच्या जुन्या व्हिटवर्थ मापाचा मिळतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टात तर खरी फसगत आहे. यूएनसीला एका इंचात १३ आटे, व्हिटवर्थला १२. नट दोन-तीन फेरे छान जाते, मग अडते. आपण म्हणतो गंज आहे, पान्याला पाईप लावतो, आणि आटे चिरडून टाकतो. तसंच १२ मिमीचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात आरामात जाते, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. जाते म्हणजे बसते असं नाही. तो भोकात खेळत राहते.

ओळखायची सोपी रीत ही. ज्याचं माप माहीत आहे असा बोल्ट घ्या, दोघांचे आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर जात वेगळी. किंवा पट्टी लावून एका इंचात किती आटे येतात ते मोजा. आणि नट पहिले तीन-चार फेरे बोटानंच फिरलं पाहिजे. बोटानं नाही फिरलं तर पाना लावायचा नाही.

दुसरं काम बोल्ट आणायचं. वाकलेला बोल्ट कागदात गुंडाळून पोराला नागपूरला पाठवलं. हायटेन्सिल बोल्टांचं वेगळं दुकान असते, तिथं त्यानं आटे जुळवून, डोक्यावर तीन रेघा पाहून चार बोल्ट आणले, सोबत नवे नायलॉक नट आणि जाड वायसर. चार बोल्टांना मिळून त्याच्या येण्या-जाण्याच्या भाड्याहून कमी पैसे लागले. लांबीही पाहून आणली. जिथं दोन पत्रे एकमेकांवर घासतात तिथं बोल्टाचा गुळगुळीत भाग आला पाहिजे, आटे नाही. आट्याच्या खाचेतूनच चीर सुरू होते. लेथवाला म्हणत होता, जुनाच सरळ करून वेल्डिंग मारून देतो. त्याला नको म्हटलं. कडक बोल्टाला वेल्डिंगची आच लागली की त्याचा पाणी दिलेला कडकपणा जाते, आणि डोक्यावरच्या रेघा मात्र तशाच राहतात.

तिसरं काम रबराचं. इथं आम्ही जुगाड केला, आणि तो करताना मला भीती वाटली नाही. आपल्या वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तिथल्या कन्व्हेयर पट्ट्याचं जुनं रबर भंगारात मिळते. आपल्यातले काही जण तेच गोठ्यात जनावरांखाली टाकतात. त्याच्या चकत्या कापल्या, एकावर एक ठेवून जुन्या माउंटिंगएवढी उंची केली. त्या रबरात कापडाचे थर असतात, म्हणून ते कडक लागते आणि थरथर पूर्ण पीत नाही. पण बोल्ट वरून खालपर्यंत आरपार, आणि खाली रबरापेक्षा मोठं जाड वायसर. म्हणजे उद्या रबर फाटलं तरी इंजिन सुटून पडणार नाही, फक्त जास्त हलेल आणि मला आवाज येईल. दोन्ही बाजूंची उंची सारखी ठेवली, नाहीतर इंजिन तिरपं बसते आणि पंखा रेडिएटरला खाते.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो, तीही सांगतो. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून चासीपर्यंत अर्थिंगची एक तांब्याची पट्टी असते. ती आम्ही खोलताना काढली आणि लावायची राहिली. सेल्फ मारला तर स्टार्टर कण्हला, आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार गरम झाली. स्टार्टरचा सगळा करंट वाट शोधत त्या तारेतून जात होता. पट्टी घासून, साफ करून लावली, एका दमात सुरू झाली. जुना ट्रॅक्टर हळू फिरत असेल तर बॅटरी बदलायच्या आधी ही पट्टी पाहा.

शेवटी प्रत्येक नट कसल्यावर नटापासून पत्र्यावर येईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट थोडं जरी फिरलं तर रेघ तुटलेली दिसते. आता दर पंधरा दिवसांनी वाकून पाहायचं, पान्याची गरज नाही.

पोरानं विचारलं, "पप्पा, रबराचा जुगाड चालते, मंग बोल्टाचा काहून नाई?"

त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जुगाडाला मी नावं ठेवत नाही, आपली अर्धी शेती त्याच्यावर चालते. पण करायच्या आधी एकच विचारायचं: हे तुटलं तर काय होईल? गाडी थांबेल, आवाज येईल, पाणी गळेल, असं उत्तर असेल तर खुशाल करा. माणूस जाईल असं उत्तर असेल तर तिथं जुगाड नाही. स्टिअरिंग, ब्रेक, चाकांचे बोल्ट, ट्रॉलीची पिन, पीटीओचं झाकण. तिथं नवीन माल येईपर्यंत गाडी उभी ठेवायची. दोन दिवस वाया गेले तर जाऊ द्यायचे.

घरच्यांचा हात जुळला, पण पूर्ण सरळ होत नाही. निंदायला बसल्या की दुपारनंतर दुखते. कापूस वेचताना डाव्या हातानं जास्त वेचतात. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. फक्त जीपचं काही काम निघालं की बाहेर येऊन विचारतात, "कोणत्या डब्यातला टाकला?" आजही विचारलं. मी म्हटलं, कोणत्याच नाही, नागपूरहून नवा आणला. त्यांनी बोल्टाच्या डोक्यावरच्या तीन रेघा बोटानं मोजल्या आणि आत गेल्या.

ती रंगाची बादली मी त्याच वर्षी रिकामी केली. डालड्याचा डबा अजून आहे. दूधपावडरीच्या जागी नवा स्टीलचा डबा आणला, त्यावर पोरानं ऑइल पेंटनं लिहिलं आहे, "न तुटायचे".

पाऊस अजून दोन-तीन दिवस राहील असं दिसते. तुमच्या घरी बोल्टांचा एकच डबा असेल तर बसल्या बसल्या त्याचे दोन करा. डोक्यावर खूण असलेले एकात, कोरे दुसऱ्यात. आणि यंत्रासोबत आलेले शिअर बोल्ट त्या यंत्राच्याच पिशवीत ठेवा.

वाफसा आला की पिकाबद्दल लिहितो. राम राम.